भुरमुळीचे ठिपके

५ ऑगस्ट, सोमवार

फ्रीजमध्ये भुरमुळीच्या अर्काच्या बारा कुप्या होत्या. आज अकरा आहेत. शुक्रवारी मी स्वतः मोजून कुलूप लावले होते. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी सौम्याकडे. गणित अवघड नाही.

तिला विचारले नाही. विचारले की माणूस सावध होतो. तेहेतीस वर्षे हायस्कुलात शास्त्र शिकवले, त्यात एवढे तरी शिकले. विचारण्याऐवजी आजपासून ही वही लिहायची आणि कपाटात पातळांखाली ठेवायची.

आधी परिस्थिती नोंदवते. धाकटा भाऊ नेमगोंडा याने आमची तंबाखूची वखार मोकळी करून तिथे प्रयोगशाळा काढली. दोनदा चुना दिला तरी भिंतींचा वास गेलेला नाही. भुरमुळी हा खानापूरकडच्या रानातला पाला. विडी वळणाऱ्या बायकांना खोकला झाला की आमची आई त्याचा काढा द्यायची. नेमगोंडाला त्याची पूड करून दोन ऑक्टोबरला निपाणीतल्या तीनशे विडीकामगार बायकांना फुकट वाटायची आहे. नंतर बाजारात. डब्यावर आईचा फोटो. डब्यावर ‘तंबाखूपासून जनुकांचे रक्षण’ असे छापायचे तर चाचणीचा अहवाल पाहिजे. चाचणी करते डॉ. सौम्या पाटील, बेळगावजवळच्या येळ्ळूरची, वय एकतीस. अहवालावर सही माझी. मी १९८१ ची बी.एस्सी., पहिला वर्ग. वाचल्याशिवाय सही करत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

ठिपके मोजले. ते काम मी कुणाला देत नाही.

चाचणी सरळ आहे. हे जंतू असे आहेत की त्यांना एक विशिष्ट अन्न मिळाले नाही तर वाढत नाहीत. जनुकात बदल झाला तरच ते त्या अन्नाशिवाय जगायला शिकतात आणि बशीत ठिपका दिसतो. जितके ठिपके तितका बदल. नुसत्या बशीत आज ३१. तंबाखूचा अर्क घातलेल्या बशीत १४२. तंबाखू आणि भुरमुळी दोन्ही घातलेल्या बशीत ५४. नुसत्या भुरमुळीत २९.

नेमगोंडा बशी उजेडाला धरून म्हणाला, “आक्का, आई बरोबर हुती बघ.” त्याचे डोळे भरले होते. मोजून झाल्यावर त्या जंतूंना वाफेच्या भांड्यात घालून मारतात, यावर आम्ही दोघे जैन असून फारसे बोलत नाही.

सौम्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. “आक्का, ही चाचणी अर्धी आहे,” म्हणाली. हे तिचे जुनेच. रुजू झाली त्या आठवड्यात सांगू लागली होती, की यात आणखी एक मिश्रण लागतं, ते प्राण्याच्या... तिथेच थांबवले. दारावर पाटी आहे: ‘प्राणिज पदार्थ आत आणण्यास मनाई.’ कन्नड वर, मराठी खाली, कायद्याप्रमाणे. तिला दोन्ही वाचता येतात.

जाताना म्हणाली, “अहवाल होईपर्यंत कुणाला ही पूड देऊ नका हं.”

का बरे? कुणाला आधी मिळावी म्हणून ही इतरांना थांबवते?

१७ ऑगस्ट, शनिवार

सौम्या दर शनिवारी दुपारी बेळगावला जाते. घरी जाते, असे सांगते. आज ती जिन्याखाली फोनवर बोलत होती. मी वरच्या पायरीवर थांबले. हे योग्य नव्हे. तरी थांबले.

“निशा, कलेजी ताजी आहे ना? मागच्या वेळची शिळी होती, काही उपयोग झाला नाही... अगं, जास्त कशाला, थोडी पुरते... हो, आक्कांना कळलं तर मला वखारीतच पुरतील!” आणि हसली.

कलेजी! तीही श्रावणात! येळ्ळूरच्या पाटलांच्या घरात श्रावणात चूल धुऊन घेतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या वर्गात त्या घरांतल्या पोरी होत्या. जी श्रावण पाळत नाही ती प्रयोगशाळेचा नियम कशाला पाळेल?

तिने कुठे काय खावे हा माझा प्रश्न नाही. पण लपवून करणारे माणूस एकच गोष्ट लपवत नाही.

अकराच्या आता दहा.

२० ऑगस्ट, मंगळवार

मालूबद्दल लिहायचे राहिले. मालूबाई आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर. पुढे मी कॉलेजात गेले, ती विडीवर बसली. आता माझ्या परसात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, कारण तिच्या घरी उजेड नाही. खोकला जुना. जानेवारीपासून मी तिला रोज सकाळी भुरमुळीचा काढा पेलाभर देते आणि पूजेला आत जाते. आठ महिने होत आले. खोकला तसूभर कमी नाही.

आज पूजा अर्धी टाकून दाराच्या फटीतून पाहिले. पेला रिकामा होता, पण तिचे तोंड वाकडे झालेले नव्हते. भुरमुळी कडूजहर आहे. ती पिऊन कुणाचा चेहरा असा राहत नाही.

“मालू, प्यालीस?”

“व्हय की. झ्याक लागतं.”

“झ्याक?”

“लई कडू, पन झ्याक.”

उद्यापासून मी समोर बसणार. संपल्याशिवाय उठणार नाही. संध्याकाळीही एक पेला. आठ महिन्यांची कसर भरून काढायला हवी.

२१ ऑगस्ट, बुधवार

समोर बसले. प्याली. चेहरा असा केला की शेजारची अंबुबाई कुंपणावरून विचारू लागली, “काय गं, सासू आठवली काय?” मालू म्हणाली, “सासू बरी हुती.”

म्हणजे आतापर्यंत पीत नव्हती. माझा संशय सहसा चुकत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

सौम्याच्या मागे बसस्टँडवर गेले. बासष्टाव्या वर्षी हे शोभत नाही, पण कुणीतरी करायला हवे. तिच्या हातात थर्माकोलचा डबा होता, चिकटपट्टीने बंद केलेला. कुप्या आता आठ आहेत. डब्यात काय आहे ते सांगायला ज्योतिषी नको. कोल्हापूरची एक औषध कंपनी नेमगोंडाला दोनदा भेटून गेली होती, अर्क मागत होती, त्याने दिला नाही.

ती मात्र बेळगावच्या बसमध्ये चढली. कोल्हापूरच्या नव्हे. मुद्दाम.

नेमगोंडाला सांगितले. तो म्हणाला, “आक्का, तू लई संशय घेतीस बघ. पोरगी हुशार हाय. अहवाल हातात येऊ दे, मग काय ते बघू.” म्हणजे त्यालाही वाटते आहे.

८ सप्टेंबर, रविवार

आजपासून दशलक्षण पर्व. दहा दिवस एकभुक्त. मन शांत ठेवायचे. कुप्या सात.

१४ सप्टेंबर, शनिवार

मालूला जेवण जात नाही. पोटाला तड लागल्यासारखे होते म्हणते. पाय सुजलेत. तिच्या सुनेचे म्हणणे, काढा बंद करा. सुनेला काय कळते? चाळीस वर्षे तंबाखूत बसलेल्या शरीराला काहीही होऊ शकते. कशाने काय झाले हे कोण सांगणार? उलट आताच औषध सोडणे चूक. मी पेला थोडा मोठा केला.

मालू म्हणाली, “आक्का, ऱ्हाऊ द्या की आजचा दिस.”

“लहान आहेस का?”

प्याली. आता चुकवत नाही. मी डोळ्यांसमोरून हलतच नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

क्षमावणी. सकाळी बस्तीत, आमच्या मंदिरात, सगळ्यांची क्षमा मागितली, सगळ्यांनी माझी मागितली. नेमगोंडा पायांना हात लावून ‘उत्तम क्षमा’ म्हणाला. यादीतून एक नाव मी मनातल्या मनात वगळले होते. आज सौम्याला कुप्यांचा जाब विचारायचा ठरवले होते.

वखारीत गेले तर तीच दारात उभी.

“आक्का, आज तुमच्यात क्षमा मागतात ना? मग आज मला एक सांगायचंय. रागवा, पण शेवटपर्यंत ऐका. पहिल्या वेळी तुम्ही ऐकलं नव्हतं.”

ऐकले. बसून ऐकले.

पोटात गेलेली वस्तू जंतूंच्या बशीत पडत नाही, ती यकृतात जाते. यकृत तिचे दुसरेच काहीतरी करते. कधी विषाचे पाणी, कधी पाण्याचे विष. म्हणून बशीत उंदराच्या यकृताचा अर्क घालून चाचणी पुन्हा करतात. त्याशिवाय ती अर्धीच. आमच्या दारावर पाटी असल्याने तिने इथे काही आणले नाही. तिची मैत्रीण निशा बेळगावच्या एका प्रयोगशाळेत आहे. शनिवारी जाताना एकेक करून पाच कुप्या तिकडे नेल्या. आपसात त्या मिश्रणाला त्या दोघी कलेजी म्हणतात.

“आत काही आणलं नाही, आक्का. बाहेर नेलं. तुमच्या पाटीवर तेवढं लिहिलेलं नव्हतं.”

“आणि काय निघाले?”

तिने कागद पुढे केला. नुसत्या भुरमुळीचे ठिपके, यकृतासह: २१६. तंबाखूपेक्षा जास्त.

“पाच वेळा केलं,” म्हणाली. “पहिल्यांदा मलाही वाटलं, माझंच चुकलं.”

मी म्हणाले, हे खोटे आहे. कोल्हापूरवाल्यांनी किती दिले, असे विचारले. हे शब्द मी उच्चारले, म्हणून लिहिते.

ती रडली नाही. म्हणाली, “मग तुम्हीच परीक्षा घ्या. खुणा तुम्ही घाला. कशात काय आहे ते आम्हाला कळणार नाही. मोजाही तुम्हीच.”

घेतली. चार कुप्या भरल्या. बाहेर फक्त अ, आ, इ, ई. दोन कुप्यांत नुसते पाणी. तिसरीत फ्रीजमधला अर्क. चौथीत घरी येऊन मालूच्या पातेल्यातला काढा भरला. हे का केले ते सांगता येत नाही. पोरीला गोंधळात पाडायला, असे तेव्हा वाटले. खुणांचा कागद घडी करून कुंकवाच्या डबीत ठेवला आहे.

काढा आज मालूला दिला नाही, निकाल येईपर्यंत देणारही नाही. पाला कमी पडला, असे सांगितले.

२१ सप्टेंबर, शनिवार

सौम्याबरोबर बेळगाव. बशा निशाने गुरुवारी ओतून ठेवल्या होत्या. निशा चिकोडीकडची, आमच्यातलीच. “हे काम करताना तुला काही वाटत नाही?” असे मी तिला विचारले. “वाटतं, आक्का,” ती म्हणाली. “म्हणून एकही बशी वाया घालवत नाही.”

मला खुर्ची दिली, दिवा दिला. बशीच्या पाठीवर पेनाने खूण करत मोजायचे, म्हणजे एक ठिपका दोनदा येत नाही.

अ: ३४. इ: ३२. हे पाणी असणार.

आ: २०९.

ई मोजायला घेतली. दीडशेवर पेनाची शाई संपली. दुसरे पेन मागितले. तीनशेच्या पुढे ठिपके एकमेकांना चिकटलेले होते, तरी मोजले. ३८७. पुन्हा मोजले. ३९१.

डबीतला कागद काढायची गरज नव्हती. खुणा मीच घातल्या होत्या. तरी काढला आणि वाचला. ई: मालूचा काढा.

 मी चष्मा पुसला.

परतीच्या बसमध्ये सौम्याशेजारी बसले. क्षमावणी होऊन तीन दिवस झाले होते. उशिरा मागितलेली क्षमा चालते की नाही, शास्त्रात पाहायला हवे. मागितली.

“कशाबद्दल, आक्का?”

“कलेजीबद्दल.”

ती खिडकीकडे तोंड करून हसली. मग तिचे हसणे थांबले, कारण तिने विचारले, “तो काढा घरी कोण पितं?”

२२ सप्टेंबर, रविवार

सकाळी मालूला उजेडात उभे करून डोळ्यांची पापणी ओढली. पिवळे. हे पिवळे आजचे नाही. महिनाभर मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसत होते आणि पेल्यातला तळ तेवढा पाहत होते.

गाडी करून बेळगावला नेले. सौम्या आधीच येऊन थांबली होती. डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे, पोटात पाणी झाले आहे. काय काय घेत होतात?

मी काढ्याची पूड पुढे केली.

“किती दिवस?”

मालू माझ्याकडे पाहून म्हणाली, “जानेवारीपास्नं, सायब. रोज.”

डॉक्टरांनी लिहून घेतले. मी मनात हिशेब केला, आठ महिने, रोज एक पेला, पुढे दोन, मग मोठा. त्याच्या पुढे मन गेले नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

नेमगोंडा आणि मी, वखारीत, दार लावून. डबे छापून आले आहेत. तीनशे वेळा आई.

“आक्का, त्या बशा आपल्या इमारतीत झालेल्या न्हाईत. आपल्या वखारीत झालं त्येवढंच लिही. खोटं लिही म्हणत न्हाय मी.”

“आणि मालू?”

“मालूबाई चाळीस वर्सं तंबाखूत बसलीया. कशानं काय झालं कोण सांगणार?”

मी घरी येऊन ही वही उघडली. चौदा सप्टेंबर. जवळजवळ त्याच शब्दांत मी लिहिलेले आहे. म्हणून त्याच्यावर ओरडायचा हक्क मला नाही. ओरडले नाही. परत गेले आणि एवढेच म्हणाले, “आई वर्षातनं चार दिवस द्यायची, खोकल्यापुरता. रोज पाजायची अक्कल आपली. त्या डब्यावर तिचं तोंड नको.”

त्याने डबा फिरवून आईचा फोटो भिंतीकडे केला. मग म्हणाला, “दारावरची पाटी काढू का गं?”

“नको. पाटी राहू दे. अहवालात लिही, इथे होते ती चाचणी अर्धी आहे.”

अहवाल सौम्याने लिहिला. बेळगावच्या बशांचे आकडे पहिल्या पानावर. सही केली. पुडीच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी वखारीच्या दाराशी ऐंशीएक बायका आल्याच. निरोप सगळीकडे पोचला नव्हता. मी पायरीवर उभी राहून सांगितले, पूड मिळणार नाही, ती घातक आहे, कुणाच्या घरी भुरमुळीचा पाला असेल तर आणून द्या. मागून एकजण म्हणाली, “फुकट म्हटल्यावर घातकच असायचं!” दुसरी म्हणाली, “तंबाखू तेवढी बरी म्हना की!”  चौघींनी घरून वाळलेल्या पाल्याच्या पुड्या आणून दिल्या. आईच्या वेळच्या पद्धतीने जपून ठेवलेल्या, फडक्यात बांधून.

दुपारी बेळगाव. मालू उशाला टेकून बसली होती. रक्ताचे आकडे किंचित उतरले आहेत. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर, आठ महिने रोज घेऊन यकृत इतपत राहिले कसे, याचे त्यांना कोडे पडले आहे.

ते गेल्यावर मालू पदराशी चाळा करू लागली. हाताला विडी नसली की ती असेच करते.

“आक्का, एक सांगू? रागावणार न्हाई न्हवं?”

“सांग.”

“आठ म्हैने न्हाई वं. तुमी म्होरं बसाया लागलासा, तवापास्नं पिलो. त्याच्या आदी तुमी पूजेला गेलासा की दोडक्याच्या वेलाला वतत हुतो. तुमी मनापास्नं करून देत हुतासा. नको कसं म्हनायचं?”

म्हणजे एकवीस ऑगस्ट ते सतरा सप्टेंबर. बोटांवर मोजले. अठ्ठावीस दिवस. त्याआधीचा सगळा काढा वेलाने प्यायला होता, आणि मी ते बंद पाडले.

“वेलाला काही झाले नाही?” मी विचारले. 

“काय हुतंय त्येला? लई झ्याक आला. अंबुबाईला किती दोडकी दिली, इचारा.”

मी तिला समजावून सांगितले, जसे वर्गात सांगत असे. ते नुसते असते तेव्हा विष नसते. यकृतातून गेले की विष होते.

“येकृत म्हंजे?”

“काळीज. कलेजी म्हणतात ना, ते.”

मालू पोट धरून हसू लागली. पोटात पाणी होते, हसताना दुखत होते, तरी थांबेना.

“मग वेलाला कुठलं आलंय काळीज, आक्का!”

तिला खोकला लागला. पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. तिने एक घोट घेतला आणि पुरे म्हणून हात वर केला. मी पेला बाजूला ठेवला. उरलेले पाणी पी म्हटले नाही.